मावा आला कसा, गेला कुठे?

प्रश्न: गच्चीवर वालाचा वेल लावलाय. एका रविवारी शेंड्यावर काळ्या माव्याचे चार ठिपके दिसले, पुढच्या रविवारी अख्खा शेंडा काळा! औषध आणायचं राहून गेलं, आणि तीन आठवड्यांनी बघते तर मावा जवळजवळ गायब. हे कसं झालं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: औषध आणायचं राहिलं, ते फार बरं झालं.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत तीही लेकुरवाळी होतात. एकीला १० पिल्लं धरली, तरी सहाव्या पिढीला हिशेब १० लाखांवर जातो. पण शेंड्यावर दाटी झाली की पंखवाले मावे निघतात आणि दुसरं झाड गाठतात. शिवाय तोवर खाणारे पोचलेले असतात. आता भिंग घेऊन पानं उलटून बघा. काळ्या-नारिंगी, सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या. काही मावे फुगून भुरकट, टणक झालेले दिसतील. त्यांच्या पोटात गांधीलमाशीची चिमुकली भावंडं वाढतात; पाठीला गोल भोक असेल, तर ती बाहेर पडून उडालीसुद्धा.

खाणारे नेहमी मागून येतात. ढालकिडा अंडी घालतो तीच माव्याच्या वस्तीजवळ. आधी ताट वाढलेलं लागतं. मधल्या पंधरा दिवसांत आपला धीर सुटतो.

आमचाही सुटला होता. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा आला, तेव्हा वाळवा तालुक्यातल्या आमच्या उसात शिरलं की अंगावरचे कपडे पीठ सांडल्यासारखे पांढरे व्हायचे. खालची पानं चिकट, त्यावर काजळी. वाडं म्हशीपुढं टाकायचीही सोय नव्हती. वडिलांनी दोनदा फवारलं. डोक्याच्या वर गेलेल्या उसात औषध पोचणार कुठवर? मावा पुन्हा आला, त्याला खाणारे मात्र मेले.

मग मित्रकीटक सोडायची शिफारस आली: हेक्टरी डायफा या पतंगाच्या १००० अळ्या किंवा मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या २५००. डायफाला आमच्याकडं कोनोबाथ्रा म्हणत. तिची अळी माव्याच्या थरातच जाळी विणून आत बसून खाते. ज्या फडात ती आपसूक आलेली, तिथली पानं कापून आणायची आणि आपल्या पानांना बांधायची. ती पानं मी स्वतः बांधली आहेत. पंधरवड्यानं त्याच पानांवर पांढऱ्या लोकरीच्या जागी नुसती रिकामी जाळी होती. ते बघून मी कीटकशास्त्राकडं वळले.

वेलावर मुंग्यांची रांग असेल तर तेवढी मोडा. माव्याच्या गोड पाझरासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात. आणि उरलेले थोडे मावे राहू द्या. तेही संपले तर ढालकिडे तुमच्या गच्चीवर कशासाठी थांबतील?