लाइपझिगच्या प्रसिद्ध संगीत विद्यालयाचा इतिहास काय? भारतातून तिथे पियानो शिकायला जाण्यात अर्थ आहे का, की संगीत शाळेत येतच नाही?

इतिहास आधी उरकतो. 1843 च्या एप्रिलमध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने ते सुरू केलं. पैसा ब्ल्यूम्नर नावाच्या एका न्यायाधीशाच्या मृत्युपत्रातला, 20,000 थालर (तेव्हाचं जर्मन नाणं). सॅक्सनीच्या राजाला गळ घालून मेंडेल्सोनने तो संगीताकडे वळवला. वर्ग गेवांडहाउस या तिथल्या संगीतसभागृहाच्या आवारातच भरायचे, त्यामुळे ऑर्केस्ट्राच्या तालमी पोरांच्या कानावर पडायच्या. शिकवायला संगीतकार रॉबर्ट शुमान, व्हायोलिनला फर्डिनांड डाविड, थिअरीला हाउप्टमान. 1846 मध्ये पियानोवादक मोशेलेस लंडनचं बस्तान गुंडाळून आला आणि पुढच्याच वर्षी मेंडेल्सोन गेला, अवघ्या 38व्या वर्षी. ग्रासीश्ट्रासेवरची इमारत 1887 ची. ज्यू घराण्यातला म्हणून नाझींनी 1936 मध्ये मेंडेल्सोनचा पुतळा रातोरात काढला. विद्यालयाला त्याचं नाव लागायला 1972 उजाडलं.

आता ते ‘शाळेत येतच नाही’. हे मी माझ्या काकांकडून इतकं ऐकलंय की आजही डोकं सणकतं. काका मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगना व्हायोलिन वाजवायचे. जबड्याखाली व्हायोलिनचा काळा डाग, समोर कागद ठेवला की पहिल्या फटक्यात बिनचूक. एका गणपतीत मी घरात म्हटलं, मला काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक सुरावटी गुंफण्याचं तंत्र, रीतसर शिकायचंय, परदेशात अर्ज करतो. काकांनी हातातला मोदक ताटात ठेवला. “त्या ग्रीगला विचार. लाइपझिगला गेला तसाच कोरा परत आला, स्वतःच सांगून गेलाय.” ग्रीग कोण हे पंगतीत एकालाही ठाऊक नव्हतं, पण माना सगळ्यांच्या हलल्या. बाबांचीसुद्धा. अर्ज तिथेच बारगळला.

ग्रीग म्हणजे नॉर्वेचा संगीतकार. तो तसं बोलला हे खरं. पण तो 1858 मध्ये पंधराव्या वर्षी तिथे गेला, प्लेडी नावाचे मास्तर त्याच्याकडून क्लेमेंटी या जुन्या संगीतकाराच्या रचना घोटून घ्यायचे, तेव्हा त्याने संचालकांकडे तक्रार केली आणि त्याला मास्तर बदलून मिळाले! वेन्झेल, शुमानचे मित्र. कुठल्या गुरूकडे चालेल हे? लाइपझिगलाच त्याने पियानोवादक क्लारा शुमानला नवऱ्याचा, म्हणजे रॉबर्ट शुमानचा, ए मायनर कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) वाजवताना ऐकलं. 1868 मध्ये स्वतःचा लिहिला, तोही ए मायनर. पुढे त्याचं संगीत छापलं ते लाइपझिगच्याच पेटर्स या प्रकाशकाने. जेवला त्याच ताटाला नावं ठेवली, दुसरं काय.

आणि काकांचं तरी काय? नोटेशन त्यांना एका गोव्याच्या मास्तरांनी शिकवलं. ते मास्तर लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज (नोटेशन बघून सूर गाणं) आणि व्हायोलिन घोटून तयार झालेले. ती शाळा नव्हती तर काय होतं? मुंबईचे स्टुडिओ अशाच शाळांतून आलेल्या वादकांवर चालले.

हां, एक मान्य. मेंडेल्सोननंतर ते विद्यालय बरीच वर्षं त्याच्याच चाकोरीत अडकलं. इंग्लंडची संगीतकार एथेल स्मिथ 1877 मध्ये शिकायला आली आणि वर्षभरात वैतागून खाजगी शिकवणीकडे वळली. तेव्हा नावाला भुलून जाऊ नका. तिथे सध्या पियानो कोण शिकवतंय ते बघा, त्यांचं वाजवणं ऐका, जमलं तर आधी पत्र लिहा. प्रवेशपरीक्षेत वाजवून दाखवावं लागतं, कानाची परीक्षा होते, जर्मन लागतं, आणि युरोपबाहेरच्यांना फी भरावी लागते. नुसत्या कीबोर्डच्या ग्रेड परीक्षांवर निभणार नाही, घरी खरा पियानो हवा.

घरी कोणी अडवलंच, तर चर्चा पंगतीत करू नका. आणि ग्रीगचं नाव निघालं तर एवढंच विचारा, त्याने आपला ऑपस 1, म्हणजे पहिल्या क्रमांकाची रचना, कोणाला अर्पण केलाय? वेन्झेलला. शाळेतल्या मास्तरांना.