विमा नेमका कुणाचा उतरवलाय?

नाशिकचे एक वाचक लिहितात: "मुलगा दहावीत आहे, पायलट व्हायचं म्हणतो. सायन्सच घ्यावं का? बारावीनंतर बीएस्सी एव्हिएशन करावं का? माझं वय ४३, पगार हातात ८५ हजार. पैशांची सोय आहे. पाच वर्षं चाइल्ड प्लॅनमध्ये वर्षाला १ लाख २० हजार भरतोय, तो अठराचा झाला की ४० लाख मिळतील. कमी पडलं तर राहतं घर तारण ठेवू."

शिक्षणाचं आधी उरकतो. फिजिक्स आणि गणित घेऊन बारावी, वैमानिकांना परवाना देणाऱ्या डीजीसीएला एवढं पुरतं. कॉमर्स घेऊन हे दोन विषय नंतर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येतात, पण हा द्राविडी प्राणायाम कशाला? सायन्स घ्या. कमर्शियल लायसन्सला पदवी लागत नाही आणि नुसत्या पदवीने लायसन्स मिळत नाही. त्याला २०० तास उड्डाण आणि डीजीसीएचे पेपर लागतात. पदवी हवीच तर तुमच्याच गावच्या मुक्त विद्यापीठातून स्वस्तात होईल. त्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो आत्ताच कळलेला बरा.

आता खरं दुखणं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमाधारक म्हणून मुलाचं नाव आहे. तुम्ही नुसते प्रस्तावक, म्हणजे अर्ज करून हप्ते भरणारे. प्रीमियम माफीचा रायडर, म्हणजे तुमच्यामागे हप्ते माफ करणारी जोड-सोय, तीही दिसत नाही. म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरी विम्याचा एक पैसा येणार नाही, वर पुढचा हप्ता मात्र भरावा लागेल! कमावता बाप उघडा आणि दहावीतल्या पोराचा विमा, हे विकणाऱ्याला काय म्हणावं?

आणि ते ४० लाख? भरलेले पाच आणि उरलेले तीन, आठ हप्त्यांचे होतात ९ लाख ६० हजार. अशा योजना पाच-साडेपाच टक्के देतात, म्हणजे १२ लाखांच्या आसपास. ४० लाखांसाठी वर्षाला तीस टक्क्यांवर परतावा हवा. तो आकडा पॉलिसीत कुठेच नाही, फक्त एजंटच्या तोंडी आहे.

खर्च बघा. लायसन्सपर्यंत ५०-६० लाख, टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक विमान चालवायच्या प्रशिक्षणाचे, वेगळे १५-२०. धरा ७०. बारा वजा जाता ५८ लाखांचं कर्ज, ११ टक्के, १५ वर्षं: महिन्याचा हप्ता ६६ हजार. तो फिटेल तेव्हा तुम्ही ६१ वर्षांचे असाल. लायसन्स हातात पडलं म्हणजे नोकरी पडली असं नाही. वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या काळात हप्ता तुमच्या ८५ हजारांतून जाणार, आणि घर तारण.

म्हणून या महिन्यात स्वतःचा एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे तुमच्यामागे घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, घ्या, वर्षाला २०-२५ हजार. तो हातात आला की चाइल्ड प्लॅनची सरेंडर (आत्ता मोडला तर) आणि पेड-अप (हप्ते थांबवून तसाच ठेवला तर) किंमत कंपनीकडून लेखी मागवा आणि आकडे मला कळवा. पुढचे तीन हप्ते भरायचे की नाही ते त्यावर ठरवू. घराला हात लावू नका. फ्लाइंग स्कूलला सगळी फी एकरकमी देऊ नका, जितके तास उडेल तितके पैसे.

एजंटला ते ४० लाख कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मागा. मिळालं तर एक प्रत मलाही पाठवा.