पहिल्या पंगतीला तूच बस

डॅलसजवळच्या एका गावातून एका मुलीचं लांबलचक पत्र आलंय. यंदा थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे अमेरिकेतल्या आभाराच्या सणाचं, जेवण तिच्या घरी आहे, माणसं अठरा. नाशिकहून सासू-सासरे आलेत, सासरे माळकरी. मराठी मंडळातली तीन कुटुंबं, नवऱ्याच्या ऑफिसातलं एक अमेरिकन जोडपं आणि लेकीची कॉलेजातली रूममेट, जी दूध-तूपही खात नाही. त्या जेवणातल्या टर्की पक्ष्यापासून आभार मानण्याच्या रिवाजापर्यंत तिनं पुष्कळ काही विचारलंय. मी अडले ती मात्र पत्राच्या शेवटी. ती लिहिते:

"मावशी, मागच्या वर्षी दहाच जण होते, तरी सगळे गेल्यावर मी ओट्यापाशी उभ्या उभ्या गार मसालेभात खाल्ला. टर्की तर चाखलीसुद्धा नाही. यंदा अठरा म्हटल्यावर आत्तापासूनच पोटात गोळा आलाय. पण पाहुण्यांचं सगळं व्यवस्थित झालं पाहिजे."

अगं, तुझे बाकीचे प्रश्न बघू, पण आधी या उभ्या उभ्या खाल्लेल्या मसालेभाताचं बोलू. वाचून जीव तुटला आणि रागही आला. नोकरी करतेस, गाडी चालवतेस, घराच्या कर्जाचे कागद स्वतः वाचून सह्या करतेस. आणि चार पाहुणे आले की थेट पणजीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहतेस?

वाईला आमच्या माहेरी आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि बायका शेवटी. आईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची आमटी यायची. पण तिथे चूल एक होती, ताटं मोजकी होती, आणि तीस माणसं एका वेळी बसतील एवढी जागाच नव्हती. तुझ्याकडे ओव्हन आहे, डिशवॉशर आहे, गराजमध्ये घडीच्या खुर्च्या आहेत. मग शेवटची पंगत कशासाठी?

त्यातून हा सणच सगळ्यांनी एका टेबलाशी बसण्याचा. लिंकननं 1863 मध्ये देशभर आभाराचा दिवस पाळायला सांगितला तो यादवी युद्ध चालू असताना. 1941 च्या कायद्यानं नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरलाय. लेकरं कुठून कुठून विमानं, गाड्या पकडून घरी येतात, ती एकत्र जेवायला. आणि यांच्या रीतीत घरची बाई खुर्चीवर टेकून पहिला घास घेईपर्यंत पाहुणा काट्याला हात लावत नाही. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून फार घोटाळे होतात.

न्यू जर्सीला माझ्या धाकट्या जावेकडे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारचं वयस्कर जोडपं मांडीवर हात ठेवून बसलं होतं. ताटात कुस्करलेले बटाटे, त्यावर लोणी विरघळून पुन्हा गोठायला लागलेलं. जाऊ आतून पुऱ्या तळता तळता ओरडत होती, "सुरू करा, सुरू करा, मी आलेच!" ती काही आली नाही आणि त्यांनी काही सुरू केलं नाही. शेवटी गार झालेलं दोन घास खाऊन ते उठले. जाऊ आजही म्हणते, आपलं जेवण त्यांना आवडलं नाही. आवडायला त्यांनी ते गरम खायला नको का?

म्हणून माझं पहिलं सांगणं: त्या दिवशी तव्यावरची पोळी नाही, पुरी नाही, फुलका नाही. आपल्या बायकांना ओट्याला खिळवून ठेवते ती ही गरम पोळी. टेबलावर बटाटे आहेत, पावाचे रोल आहेत, भात आहे, मग पोळीवाचून कुणाचं अडलंय? सासूबाई म्हणतील, "पाहुण्यांना गरम पोळीही नाही?" त्याचं उत्तर तुझ्या नवऱ्यानं द्यायचं. त्याची आई आहे, तो जास्त गोडीनं सांगेल.

दुसरं, "काय आणू?" असं कुणी विचारलं की "काही नको गं, तुम्हीच या" हे म्हणणं बंद. तू लिहितेस, "लोकांना आणायला सांगणं बरं दिसत नाही." कुणाला बरं दिसत नाही? या देशात त्या जेवणाला प्रत्येक जण काहीतरी घेऊनच येतो, आणि विचारतो ते मनापासून. मोघमही सांगू नकोस, नाहीतर चार घरांतून चार गुलाबजामाचे डबे येतात. एकीला सांग, अठरा जणांचा मसालेभात. दुसरीला कोशिंबीर आणि चटणी. तिसरीला बर्फ, सोडा, कागदी ताटं. ऑफिसच्या जोडप्याला भोपळ्याचा 'पाय', म्हणजे त्यांचा तो गोड पदार्थ. माझी सून मिनियापोलिसला याच रीतीनं वीस-बावीस माणसं जेवू घालते आणि संध्याकाळी गजरा माळून सगळ्यांच्या मधोमध बसलेली असते. पहिल्यांदा मलाही तिनं भाजी आणायला सांगितली होती. मला बाई आवडलं. आपलं काहीतरी पानात आहे म्हटल्यावर माणूस त्या घरचा होतो.

आता ओव्हन, कारण खुर्चीवर बसायचं की नाही हे शेवटी तोच ठरवतो. टर्की घरी भाजायची असेल तर खरेदी करताना दर मांसाहारी माणसामागे पौंड-दीड पौंड टर्की धर. तुझ्याकडे खाणारे दहाएक दिसतात, तेव्हा बारा-चौदा पौंडांची पुष्कळ झाली. गोठलेली असेल तर रविवारी फ्रीजरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेव. दर चार-पाच पौंडांना पूर्ण एक दिवस लागतो, आणि गुरुवारी सकाळी आत बर्फाचा गोळा सापडला की सगळा दिवस नासतो. पोटात सारण न भरता 325 अंश फॅरनहाइटला एवढी टर्की तीन ते पावणेचार तास घेते. चारला जेवायचं तर साडेअकराला ती ओव्हनमध्ये गेली पाहिजे. थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपस. 165 दिसलं की बाहेर.

बाहेर काढल्यावर वर फॉइल टाकून अर्धा तास तिला हात लावायचा नाही. रस आत मुरतो, काप नीट पडतात. त्या अर्ध्या तासात ओव्हन रिकामा असतो, त्यात फरसबीचा कॅसरोल आणि रोल गरम होतात. ते बघायला नवरा आहे, लेक आहे. "मी टर्की बघतो, तू काळजी करू नकोस," असं तो म्हणाल्याचं तू लिहिलंयस ना? मग टर्की बघणं म्हणजे भाजणं किंवा गरम करणं, कापणं, ट्रे घासणं आणि ओटा पुसणं, हे त्याला बुधवारीच सांग. तू त्या वेळात वर जा, तोंड धू, साडी बदल आणि खाली येऊन बस. क्रॅनबेरीची चटणी, पाय, वरण, भाज्या चिरणं हे बुधवारी आटपलेलं असावं. जे बुधवारी होण्यासारखं नाही आणि कुणी आणणारही नाही, ते त्या दिवशी करूच नकोस. बासुंदीवाचून कुणी उपाशी जात नाही.

मराठी मंडळींना तीनला बोलाव आणि चारला ताटं मांडली जातील असं स्पष्ट कळव. ऑफिसचं जोडपं वेळेवर येईल. साडेपाचला उगवणाऱ्यांसाठी थांबायचं नाही, त्यांचं झाकून ठेवायचं.

बाकीचं थोडक्यात. सासरे माळकरी आहेत आणि घरात टर्की शिजली तर त्यांना त्रास होईल, हे मला पटतं. दुकानातून भाजलेली टर्की आण, गरम करायला घरातला वेगळा ट्रे वापर, तिचं टेबल वेगळं मांड, आणि त्यांच्या पानाचे पळी-चमचे वेगळे. वर ओव्हनचं एवढं सांगितलं ते पुढच्या वर्षी किंवा इतर वाचकांना उपयोगी पडेल. दुकानातली टर्की घेणार असशील तर आठवडाभर आधी नोंदव.

शाकाहारी मंडळींना मात्र आधी बजाव: स्टफिंगमध्ये, म्हणजे पावाच्या सारणात, बहुतेक वेळा चिकनचं पाणी असतं, ग्रेव्ही टर्कीच्याच रसाची, आणि रताळ्यांवरच्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनच काढलेलं. बाहेरून आणलेल्या प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी लाव. लेकीच्या मैत्रिणीसाठी तेलावरची बटाट्याची भाजी, साधा भात, क्रॅनबेरी. मसालेभातावर तूप वाढणाऱ्या हातांना आवर घाल.

टेबलाभोवती प्रत्येकानं आभार मानायची पाळी आली की सासरे संकोचतील, अशी तुला धास्ती वाटते. त्यांना जेवणाआधीचा श्लोक म्हणायला सांग. खणखणीत आवाजात म्हणतील. लेक इंग्रजीत अर्थ सांगेल, झालं.

उरलेलं टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नकोस. टर्की हाडापासून सोडवून उथळ डब्यांत भर, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. डबे येणाऱ्यांनीच घेऊन यावेत, हेही फोनवर सांगून टाक, म्हणजे शुक्रवारी तुझे डबे गावभर शोधत फिरायला नको. आणि ताटं उचलायची वेळ झाली की तू उठायचं नाहीस. मंडळातले तिन्ही पुरुष आणि तुझा नवरा मिळून डिशवॉशर भरतील. आमच्याकडे माझे दोन्ही मुलगे भरतात, जावईही भरतात. त्यांना कुणी हौसेनं शिकवलं नव्हतं, सांगितलं तेव्हा ते उठले.