घरात चर्चा खूप होते, निर्णय काही होत नाही. बोलणं थांबवून थेट कामाला कधी लागायचं?

तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराच्या डागडुजीवर तुम्ही चौघं भावंडं गेल्या पावसाळ्यापासून बोलताय आणि अजून मिस्त्रीला फोनसुद्धा गेलेला नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात कापूस करतो. गुलाबी बोंडअळीमुळे हा पेच आमच्यापुढे दर हंगामात उभा राहतो, म्हणून त्यावरूनच सांगतो.

ही अळी बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवंगार, टणक असतं. अंड्यातून निघालेली अळी लवकरच आत शिरते, तिचं भोक बुजतं, आणि मग कितीही महागाचं औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारणीचा उपयोग होईल असा काळ थोडाच, आणि नेमका तोच पारावर बसून निघून जातो. एक म्हणतो ढग आहेत, थांबा. दुसरा दुकानदाराला विचारून येतो. ‘आते काय करानं, भाऊ?’ हे चालूच राहतं. २०१७ साली या अळीने राज्यभर कापूस खाल्ला, तेव्हापासून तरी हे बोलणं आवरायला हवं असं मला फार वाटतं.

कृषी शास्त्रज्ञांनी यावर एक हद्द घालून दिली आहे. शेतात कामगंध सापळे लावायचे, म्हणजे मादीच्या वासाने या अळीचे नर पतंग ओढून घेणारे सापळे. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, नाहीतर फुलांत किंवा बोंडांत दहा टक्के कीड दिसली, की फवारायचं. मी शेताच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून वीस हिरवी बोंडं तोडतो आणि बांधावर बसून चाकूने एकेक चिरतो. कोवळी अळी पांढुरकी असते, सरकीला चिकटून बसते, त्यामुळे नीट बघावं लागतं. वीसात दोन बोंडं किडकी निघाली की पंप भरायचा. मग कोणाला विचारायला जायचं नाही, कारण विचारायचं ते सगळं लागवडीआधीच विचारून झालेलं असतं.

एकच निघालं, तर पंप घरात. हेही तितकंच महत्त्वाचं आहे. घाबरून सुरुवातीलाच जहाल औषध मारलं की मित्रकीटक मरतात आणि पुढे पांढरी माशी बोकाळते. उतावळ्या माणसालाही हद्दच आवरते.

तुमच्या भावंडांत अडलंय ते इथेच, असं मला वाटतं. घर कधी दुरुस्त करायचं यावर तुम्ही बोलताय, पण काय दिसलं की करायचंच, हे कुणी ठरवलेलं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतील, सगळे एकत्र असाल. तेव्हा धाब्यावर चढा, खालून तुळया बघा, जाणत्या मिस्त्रीला सोबत घ्या. तुळई वाकली, भिंतीला पोट आलं किंवा धाबं दुसऱ्यांदा गळलं, यातलं काय घडलं की काम सुरू, ते तिथेच ठरवा. गावात राहणाऱ्या भावाने किती रकमेपर्यंत कोणालाही न विचारता खर्च करायचा तेही ठरवा, आणि तेवढे पैसे त्याच दिवशी त्याच्या खात्यात टाका. तुळई आत्ताच वाकलेली दिसली, तर मात्र आखाजीचीही वाट बघू नका. त्या खोलीतली माणसं आजच दुसरीकडे झोपवा आणि मिस्त्रीला उद्या बोलवा.