वाचकांचे प्रश्न : जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी आणि खान्देशचा उन्हाळा

प्रश्न : आमची यावल तालुक्यात केळीची बाग आहे. मुंबईच्या एका गृहस्थांकडे २०११ सालची निसान ३७० झेड विक्रीस आहे. गाडी हाताच्या गिअरची असून फक्त बत्तीस हजार किलोमीटर चाललेली आहे, असे ते सांगतात. वडिलांचे मत असे की एवढ्या पैशांत नवा ट्रॅक्टर येईल आणि विहिरीचे कामही होईल. मला मात्र ही गाडी शाळेत असल्यापासून हवी आहे. घ्यावी का, आणि घेताना काय पाहावे?
— एक वाचक, यावल

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. गाडी घेतल्यामुळे शेतीचे किंवा घरचे कोणतेही काम अडणार नसेल, तरच पुढचे वाचावे.

गाडीची निवड मला पसंत आहे. जपानी स्पोर्ट्स गाड्यांपैकी फार थोड्या कंपन्यांनी स्वतः भारतात आणून विकल्या, आणि ३७० झेड ही त्यांतील एक आहे. त्यामुळे आयात शुल्क आणि नोंदणी यांबाबत सहसा संशयाला जागा राहत नाही. तिच्या ३.७ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या मुलखात ही जमेची बाजू आहे, कारण टर्बो नसला की बॉनेटखाली निर्माण होणारी उष्णता कमी आणि बिघडू शकणारे भागही कमी.

शेत घेताना आपण आधी सातबारा पाहतो, फेरफार वाचतो, बोजा आहे का ते तपासतो आणि मगच बांधावर जातो. गाडीचेही तसेच करावे. आरसी बुकावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावेत. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ मागावा. थकलेले चलन आहे का, हे सरकारी ई-चलन संकेतस्थळावर पाहावे. गाडी परदेशातून बांधून आलेली असल्याने मूळ आयातीच्या कागदाची, म्हणजे बिल ऑफ एंट्रीची, प्रत मिळाली तर ती जपून ठेवावी. मुंबईची नोंदणी जळगावला आणताना फॉर्म २८, २९ आणि ३० लागतात. राज्य तेच असल्यामुळे क्रमांक बदलत नाही. मालकी बदलल्याची सूचना विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यायची असते, तेव्हा ते काम एजंटाच्या तोंडी भरवशावर सोडू नये. विम्याचेही तेच आहे. गाडी विकल्यावर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून विकणाऱ्याच्या बोनसवर आपला हिशेब मांडू नये.

मी पहिली जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी घेतली तेव्हा यातले निम्मेही केले नव्हते. एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने ती मला संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात दाखवली. इंजिन आधीच गरम होते, रंग आरशासारखा होता, आणि मी तिथेच बयाणा दिला. चार-पाच हजार किलोमीटर झाले तेव्हा पुढचे टायर आतल्या कडेने झिजून तारा दिसू लागल्या. गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा कळले की समोरून मोठा अपघात झालेला होता आणि चासीची डावी बाजू ठोकून सरळ केलेली होती. तीन वर्षांनी ती मी तोट्यात विकली, आणि घेणाऱ्याला एकूण एक गोष्ट सांगूनच विकली. म्हणून आपल्याला आग्रहाने सांगतो की गाडी सकाळी, उन्हात, थंड इंजिनावर पाहावी. आपण पोहोचण्याआधी ती सुरू करू नये असे मालकाला सांगून ठेवावे, आणि गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा.

या गाडीच्या तीन दुखण्यांची नेमकी चौकशी करावी. पहिले दुखणे क्लचचे आहे. क्लच दाबणारा तेलाचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात बसवलेला असतो, आणि हाताच्या गिअरच्या ३७० झेडमध्ये तो गळून निकामी होण्याची तक्रार जगभर आहे. पॅडल एकाएकी तळाला जाते आणि परत वर येत नाही. भाग फार मोठा नाही, परंतु तो बदलण्यासाठी सबंध गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तो बदलला असल्यास बिल पाहावे. नसल्यास ती मजुरी आपल्यालाच भरायची आहे असे धरून सौदा करावा.

दुसरे दुखणे तेलाच्या दाबाचे, आणि माझ्या मते हे सर्वांत गंभीर आहे. सुरुवातीच्या वर्षांतील इंजिनांत टायमिंग चेनच्या झाकणामागे, तेलाच्या वाटेवर, कागदी गॅस्केट (सांधा बंद ठेवणाऱ्या चकत्या) आहेत. ती फाटली की तेल आतल्या आत गळते आणि दाब उतरतो. बाहेर थेंबही दिसत नाही. डॅशबोर्डवरच्या तीन छोट्या डायलमध्ये तेलाचे तापमान, बॅटरीचे व्होल्टेज आणि घड्याळ आहे. तेलाचा दाब दाखवणारा डायल नाही. म्हणून मेकॅनिककडून यांत्रिक गेज लावून, गाडी अर्धा तास चालवून पूर्ण तापल्यावर, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) दाब मोजून घ्यावा. थंड इंजिनावरचा आकडा पाहून समाधान मानू नये, कारण थंड तेल दाट असते आणि दाब चांगलाच दाखवते. मालक ही तपासणी करू देत नसेल, तर नम्रपणे नमस्कार करून परत यावे.

तिसरे दुखणे स्टिअरिंगच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाचे. आरंभीच्या गाड्यांत ते अडकते आणि मग गाडी सुरूच होत नाही. यावर काम झाले आहे का, एवढे विचारले तरी पुरेसे आहे.

बत्तीस हजार किलोमीटर या आकड्याने हुरळून जाऊ नये आणि बिचकूही नये. सर्व्हिसच्या बिलांवर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेले असतात. ती बिले क्रमाने लावली की आकडा खरा की खोटा हे समजते. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडाही वाचावा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते, आणि तापलेल्या महामार्गावर जोरात ब्रेक लावण्याची वेळ आली की ते दगा देते. मागचे टायर २७५/३५ आर १९ मापाचे आहेत. ते आपल्या भागात दुकानात तयार मिळतील असे गृहीत धरू नये, आधी मागवून ठेवावेत.

आता आपल्या मुलखाचे. गाडी जमिनीपासून जेमतेम १२-१३ सेंटिमीटर उंच आहे. सुरत–नागपूर महामार्गावर तिला अडचण नाही, अडचण महामार्ग सोडल्यावर सुरू होते. गावातले गतिरोधक, कालव्यावरच्या मोऱ्या आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झालेली बागेची वाट, ही तिची खरी परीक्षा आहे. बयाणा देण्यापूर्वी घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत टेप घेऊन चालत जावे आणि प्रत्येक उंचवटा मोजावा. उन्हाळ्यात रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकतात. ती जाळी कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. कूलंट दर दोन वर्षांनी बदलावे आणि तेलाच्या तापमानाचा डायल पाहत गाडी चालवावी. तेल फार तापले की गाडीचा संगणक इंजिनाचे फेरे स्वतःच आवरतो. तसे झाल्यास वेग कमी करून काही किलोमीटर सावकाश चालवावे, एकदम बंद करू नये.

गाडीच्या किमतीच्या एक चतुर्थांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल आणि वरच्या तपासण्या नीट निघाल्या, तर घ्यावी. ती रक्कम उरत नसेल, तर आणखी एक हंगाम थांबावे.

प्रश्न : मी धुळ्याला व्यवसाय करतो. जपानहून १९९० च्या दशकातील टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७ किंवा निसान स्कायलाइन आणून देतो, असे एक मध्यस्थ सांगतो. “गाडी आधी कार्नेवर येईल, कागद नंतर करून घेऊ,” असे त्याचे म्हणणे आहे. हे शक्य आहे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. त्याला एक रुपयाही देऊ नये.

आपल्या देशात वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनवून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे आणि ती ठरवून दिलेल्या बंदरांतूनच यावी, असा नियम आहे. त्यावर शुल्क इतके आहे की गाडीची किंमत दुपटीहून अधिक होते. आपण लिहिलेल्या त्या पिढीच्या सुप्राचे, आरएक्स-७ चे आणि स्कायलाइन जीटी-आरचे उत्पादन २००२ मध्येच थांबले. म्हणजे वयाच्या अटीवरच तिन्ही बाद होतात. कार्ने ही पर्यटकासाठी केलेली तात्पुरती सोय आहे. त्यावर आलेली गाडी मुदतीत देशाबाहेर परत न्यावी लागते. ती इथे विकता येत नाही, आणि तिचे कागद ‘नंतर’ होत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून अनेक महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. अशा वेळी ‘मी तर पैसे मोजून विकत घेतली’ हे उत्तर गाडी वाचवत नाही.

त्या गाड्यांविषयीची आपली ओढ मला समजते, कारण ती माझ्यातही आहे. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून गाड्यांची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीवर रोखून धरली होती, आणि प्रत्यक्षात काही इंजिने त्याहून बरीच जोरकस होती. परंतु कायद्याची अडचण क्षणभर बाजूला ठेवली तरी आरएक्स-७ चे रोटरी (पिस्टनऐवजी आत त्रिकोणी भाग फिरणारे) इंजिन धुळ्याच्या एप्रिलमध्ये चालवणे मला मंजूर होणार नाही. त्याच्या फिरत्या त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या अति उष्णतेने जातात, आणि त्या गेल्या की इंजिन पूर्ण उघडावे लागते.

जपानी इंजिनाचा स्वभाव कायदेशीर मार्गाने अनुभवायचा असेल, तर भारतात विकल्या गेलेल्या गाड्यांकडे वळावे. पहिल्या पिढीतील होंडा सिटीची १.५ व्हीटेक १०६ अश्वशक्तीची होती आणि आजही जाणकार तिचे नाव आदराने घेतात. २००६ पासून आलेली होंडा सिव्हिक १.८ सुद्धा शिकायला उत्तम आहे. सिटीला पंधरा वर्षे केव्हाच उलटली, तेव्हा तिची पुनर्नोंदणी झालेली आहे का ते आधी पाहावे.

प्रश्न : ३७० झेडऐवजी थोडे अधिक पैसे घालून जुनी निसान जीटी-आर घ्यावी का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ‘थोडे अधिक’ हे शब्द या गाडीला लागू पडत नाहीत. निसानने ती भारतात डिसेंबर २०१६ मध्ये १.९९ कोटी रुपयांना आणली. गाडी जुनी झाली की तिची विक्रीची किंमत उतरते, पण दुरुस्तीचा खर्च मूळ किमतीच्या हिशेबानेच राहतो. दोन टर्बोंचे ३.८ लिटरचे इंजिन, चारही चाकांना शक्ती, आणि मागच्या बाजूला बसवलेला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. त्यातील तेल बदलणे हेसुद्धा अनुभवी हातांचे काम आहे. असा हात भुसावळहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आपल्या माहितीत नसेल, तर घेऊ नये.

प्रश्न : माझे यजमान मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांची जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी वर्षातले सहा-सात महिने चाळीसगावला घरी उभी असते. मी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे सुरू करून ठेवते. एवढे पुरेसे आहे का? आणि हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलचे काय करावे?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ताई, आपण मनापासून करता आहात, पण पाच मिनिटे सुरू करण्याने गाडीचे नुकसान होते. थंड इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये पाण्याची वाफ जमते, आणि तेल पुरते तापल्याशिवाय ती निघून जात नाही. शिवाय आठवडाभर उभ्या गाडीत आणि स्टार्टर मारताना मिळून बॅटरीतून जेवढे जाते, तेवढे पाच मिनिटांत परत भरत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर प्रत्यक्ष चालवावी, सगळे गिअर टाकावेत, ब्रेक नीट वापरावेत आणि एसीही चालू ठेवावा. तेवढे जमणार नसेल तर गाडी मुळीच सुरू करू नये, आणि बॅटरीला सांभाळणारा छोटा चार्जर लावून ठेवावा.

पेट्रोलबाबत आपली शंका रास्त आहे. अशा गाड्यांपैकी बऱ्याच दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनलेल्या आहेत, आणि आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकतात. म्हणून उभी करण्याआधी टाकी काठोकाठ भरावी. यजमान रजेवर आले की इंधनाच्या रबरी नळ्या एकदा बारकाईने पाहून घ्याव्यात; त्या मऊ पडलेल्या किंवा चिरलेल्या दिसल्यास लगेच बदलाव्यात. मायलेज सहा-सात टक्क्यांनी कमी झाले तर तो गाडीचा दोष समजू नये, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते.

टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा जास्त ठेवावी आणि महिन्याकाठी गाडी हातभर पुढे-मागे ढकलून घ्यावी, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत. हँडब्रेक ओढून ठेवू नये. चाकाखाली लाकडी ठोकळा लावावा. प्लास्टिकचे आवरण घालू नये, त्याखाली वाफ कोंडते. सुती आवरण बरे. आणि आपले घर शेताला लागून असेल, तर कापूस-मका निघाल्यावर उंदीर घराकडे वळतात हे आपण जाणताच. गाडीतल्या वायरी ते एका रात्रीत कुरतडतात. त्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून टॉर्चने कोपरे पाहावेत आणि रात्री ते उघडेच ठेवावे, कारण उंदराला अंधार आणि आडोसा लागतो.