अकरा, बारा की तेरा? ४५० हेलीचा पिनियन आणि सर्व्हो

प्रश्न: नाशिकला असतो. रिमोटवर उडणाऱ्या ४५० साइझच्या हेलिकॉप्टरचं फ्लायबारलेस किट (रोटरवर स्थिरतेचा दांडा नसलेलं) जोडतोय. मोटर ३५०० केव्हीची, बॅटरी ३एस (तीन सेलची, ११.१ व्होल्टची) २२०० एमएएच, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी पेटी) ३५ अँपिअरची. पाकिटात ११, १२ आणि १३ दात्यांचे पिनियन (मोटरच्या शाफ्टवर बसणारी छोटी दातेरी चक्रं) आलेत. नवशिक्याने कुठला लावावा? घरात अर्डुइनोच्या वेळचे ९ ग्रॅमचे चार निळे सर्व्हो (आज्ञेप्रमाणे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी) पडून आहेत, ते चालतील का?

उत्तर:

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात होतं: नाही. ते सर्व्हो अर्डुइनोच्या खोक्यात परत ठेवा. का, ते पुढे येतंच.

पिनियनबद्दल मात्र जरा बसून बोलायला हवं. तुम्हाला कोणीतरी सांगितलं असणार की नवशिके आहात, ११ लावा, हेली शांत उडेल. मलाही सांगितलं होतं. मी लावला, आणि पुढचा दीड महिना जायरोला (टेल सरळ धरणाऱ्या सेन्सरला) शिव्या घालण्यात घालवला.

व्हायचं असं, की पहिली तीन मिनिटं होव्हर (जागच्या जागी तरंगणं) एकदम झकास. चौथ्या मिनिटाला थोडी पिच (पात्यांचा तिरपेपणा) दिली रे दिली की नाक गर्रकन डावीकडे. गेन (जायरोची संवेदनशीलता) वाढवला तर टेल थरथरायला लागली, कमी केला तर आणखी सैल. बेल्ट ताणून झाला, टेलची पाती बदलून झाली. शेवटी मैदानावरचे एक काका माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, टेलकडे काय बघतोस, आवाज ऐक. रोटर बसतोय." खरंच, पिच दिली की भुणभुण अर्ध्या सुराने खाली यायची. गव्हर्नर (रोटरचा वेग कायम राखणारी सोय) मोटरकडे आणखी फेरे मागत होता आणि मोटरकडे द्यायला उरलेच नव्हते.

म्हणून पिनियनपासून सुरुवात करू नका. आधी हेडस्पीड ठरवा, म्हणजे वरचा रोटर मिनिटाला किती फेरे घेणार ते, आणि मग उलटं मागे या. हिशेब चौथीतल्या मुलाला जमेल असा आहे. केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मोटरचे बिनओझ्याचे फेरे (किलोव्होल्ट नव्हे, माझ्या भावाला अजून तसंच वाटतं). ३५०० गुणिले ११.१ म्हणजे ३८,८५०. तुमच्या मोठ्या चक्राला १५० दाते असतील, ४५० मध्ये बहुधा तेवढेच असतात. १३ चा पिनियन लावला तर गुणोत्तर ११.५४, १२ चा लावला तर १२.५, ११ चा लावला तर १३.६४. भागाकार करा आणि ०.८५ ने गुणा, कारण ओझं आलं की मोटर दबते आणि बॅटरीचा व्होल्टेजही बसतो. हा ०.८५ पोथीतला आकडा नव्हे; मोटर चांगली असेल तर थोडा वर जातो, स्वस्तातली असेल तर खाली. उत्तरं येतात ती अशी: १३ ला साधारण २८६०, १२ ला २६४०, ११ ला २४२०. आणि हे पूर्ण थ्रॉटलचे आकडे आहेत बरं का, म्हणजे छप्पर.

शिकताना ४५० ला २३०० ते २४०० पुरतात. आता गंमत बघा. ११ ला छप्पर २४२० आणि तुम्हाला हवेत २३५०. वर उरलं काय? तीन टक्के. बॅटरी अर्धी झाली की तेही नाही. गव्हर्नरला हवा तो वेग आणि छप्पर यांत दहा-पंधरा टक्के जागा लागते, नाहीतर तो नावालाच गव्हर्नर. १२ ला ती जागा बारा टक्के मिळते. १३ ला वीसच्या वर मिळते, म्हणजे १३ सुद्धा चुकीचा नाही. पण थ्रॉटल कर्व्हमध्ये (रिमोटच्या दांडीच्या कुठल्या जागी किती थ्रॉटल, त्या तक्त्यात) एखादा आकडा चुकून १०० राहिला, तर ताज्या बॅटरीवर हेली तुमच्या तोंडासमोर तीन हजाराकडे जाईल. २८०० वर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे असतो, आणि तीस-बत्तीस ग्रॅमचं ते पातं आपल्या बोल्टला अंदाजे पन्नास किलोच्या जोराने ओढत असतं. किटबरोबर लाकडी पाती आली असतील तर त्यांच्या वाटेला जाऊच नका.

तेव्हा माझं मत: १२ लावा. १३ डबीत जपून ठेवा, सहा महिन्यांनी लूप मारावासा वाटेल तेव्हा काढा. ११ चा मी कीचेन केला आहे.

कोणी म्हणेल, १३ लावून थ्रॉटल ६० टक्क्यांवर ठेवला तर काय बिघडलं? हेली उडेल, पण ईएससी तापेल. अर्धवट थ्रॉटलवर ईएससी करंट सतत तोडत-जोडत असते आणि त्या तोडजोडीची उष्णता तिच्याच अंगावर येते. ती ७५ ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात सुखी असते. आणि नाशिकचा मे महिना विसरू नका. तुम्ही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहात. दुपारी पारा ३८ वर असताना तिथली हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा तेरा-चौदा टक्के विरळ असते. तेवढ्याच उचलीसाठी पिच जास्त द्यावी लागते, म्हणजे करंट जास्त, आणि थंड करायला हवा मात्र गरम. मी एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठच्या आत बॅटऱ्या संपवून घरी येतो.

टेलचंही या हिशेबाशी नातं आहे. ४५० मध्ये टेल रोटर मुख्य रोटरच्या साधारण ४.२४ पट वेगाने फिरतो. मुख्य रोटर २३५० वर असेल तर टेल दहा हजाराच्या जरा खाली. टेलची ताकद वेगाच्या वर्गाने बदलते. हेडस्पीड दहा टक्के बसला की टेल जवळजवळ एकोणीस टक्के लुळी. माझं नाक डावीकडे का पळत होतं ते आता कळलं असेल. जायरो बिचारा पूर्ण पिच देऊन बसला होता.

पिनियन बसवताना दोन गोष्टी. एक, त्याचा मॉड्यूल, म्हणजे दात्यांच्या आकाराचं माप. तुमचं चक्र ०.५ मॉडचं असणार. माझ्याकडून एकदा पिनियनचा ग्रब स्क्रू गोल झाला. नवीन मागवायला आठ दिवस लागणार म्हणून आरसी कारच्या दुकानातून ४८ पिचचा (इथे पिच म्हणजे दात्यांचं इंची माप) घेतला. भोक तेच, ३.१७ मिलिमीटर, दातेही तेरा, डोळ्याला तंतोतंत सारखा. पण ४८ पिच म्हणजे ०.५२९ मॉड. हाताने फिरवला तेव्हा नुसतं किंचित करकर वाटलं, मी म्हटलं नवीन आहे, बसेल. दुसऱ्या उड्डाणात कमरेएवढ्या उंचीवर मोटरने किंकाळी फोडली आणि रोटर आपला निवांत थांबत आला. उतरवून बघतो तर मोठ्या चक्राचे दाते जागोजागी सपाट आणि मोटरखाली पांढरा भुगा, खवलेल्या नारळासारखा. ऐंशी रुपये वाचवायला गेलो आणि चक्र, लँडिंग स्किड, वर टेल बूम, एवढं घालवलं.

दोन, मेश, म्हणजे दोन चक्रांचे दाते एकमेकांत किती घट्ट बसतात ते. एक दाता वाढला की मोटर पाव मिलिमीटर मागे सरकवावी लागते. झेरॉक्सच्या कागदाची पट्टी दोन चक्रांमध्ये घाला, मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दात्यांची घडी उमटायला हवी, कागद फाटता कामा नये. मग मोठं चक्र पूर्ण एक फेरा हळूहळू फिरवून बघा. ही प्लॅस्टिकची चक्रं कधीच शंभर टक्के गोल नसतात, तेव्हा जिथे सगळ्यात घट्ट लागतं तिथे मेश ठरवायचा. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसू द्या, आणि निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब. लाल नको, पुढच्या वेळी मोटर तापवत बसाल.

आता सर्व्हो. ते निळे का नकोत? ताकद कागदावर बरी दिसते, दीड किलो-सेंटिमीटरच्या पुढेमागे. अडचण दोन ठिकाणी आहे. हॉर्न (सर्व्होवरचा छोटा दांडा) बोटांत धरून हलवून बघा, टोकाला स्पष्ट खेळ जाणवेल. शिवाय डावीकडून मध्यावर आणला तर एका जागी थांबतो, उजवीकडून आणला तर दुसऱ्या. रोबोच्या हाताला ते चालतं. फ्लायबारलेस हेलीत दर क्षणी दुरुस्ती सर्व्होच करतो. पूर्वी फ्लायबारचा दांडा जी स्थिरता फुकट द्यायचा ती आता या चिमुकल्या गिअरांनी द्यायची आहे.

दुसरं, ते ॲनालॉग आहेत. ॲनालॉग सर्व्होला सेकंदाला पन्नास वेळा आज्ञा मिळते, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी. तेवढ्या वेळात तुमचा टेल रोटर तीनच्या वर फेरे घेऊन मोकळा होतो. डिजिटल टेल सर्व्होला ३३३ हर्ट्झवर दर ३ मिलिसेकंदांनी आज्ञा जाते. बरं, म्हणून ॲनालॉगला ३३३ हर्ट्झ द्यायला जाल तर तो काही मिनिटांत धूर काढेल. फुताबाच्या जुन्या जीवाय४०१ जायरोवर त्यासाठीच डीएस नावाचं बटण होतं, डिजिटल सर्व्हो असेल तरच चालू करायचं.

पैसे मोजकेच असतील तर पहिला पैसा टेल सर्व्होवर. ६० अंशांना ०.०८ सेकंद किंवा त्याहून वेगवान, डिजिटल. ताकद दीड-दोन किलो असली तरी भागतं, वेग आणि मध्यावर अचूक परत येणं महत्त्वाचं. स्वॅशखालच्या (मुख्य पात्यांची पिच बदलणाऱ्या तबकडीखालच्या) तिघांना ०.१० ते ०.१२ चा वेग चालतो, पण ताकद दोन किलोच्या वर बघा. आणि ते तिघं एकाच मॉडेलचे हवेत, शक्य तर एकाच खरेदीतले. १२० अंशांच्या स्वॅशवर पिच देताना तिघं एकदम हलतात. एक जरी आळशी असला की पिचबरोबर स्वॅश कलतो आणि हेली वर जाता जाता पुढे किंवा मागे पळते.

धातूचे गिअर की प्लॅस्टिकचे, यावर मैदानावर भांडणं होतात. मी स्वॅशला धातूचेच लावतो, पण त्यांच्यात खेळ हळूहळू वाढतो, दर महिन्याला बोटाने तपासावा लागतो. यापेक्षा मी विकत घेताना एकच प्रश्न विचारतो: गिअर सेट सुटा मिळतो का? हेली आडवी होणारच आहे. त्या दिवशी मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट, पाती यांच्याबरोबर एखाद्या सर्व्होचा एखादा दाताही जातो, आणि तेवढ्यासाठी अख्खा सर्व्हो फेकायला जिवावर येतं.

हॉर्नवर बॉल (जोडदांडा अडकवायची छोटी गोळी) कुठल्या भोकात लावायचा हे फ्लायबारलेस युनिटवर, म्हणजे जायरोच्या डबीवर आहे. तुमचं कुठलं ते लिहिलं नाहीत. मायक्रोबीस्ट नावाच्या युनिटमध्ये सायक्लिक (स्वॅश कलवून पात्याला मिळणारी पिच) ६ अंशांवर आणायला सांगतात आणि तिथे दिवा निळा असला की भोक बरोबर. दिवा निळा नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये खेळू नका, बॉल एक भोक हलवा.

चार डिजिटल सर्व्हो म्हटले की बीईसीकडे (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या भागाकडे) बघायलाच हवं. ईएससीवर 'लिनिअर' लिहिलं असेल तर तिच्यातून त्यांना चालवू नका. ११.१ मधून ५ व्होल्ट काढायचे म्हणजे सहा व्होल्ट नुसते तापण्यात जातात. दोन अँपिअर ओढले की १२ वॉट, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची निम्मी उष्णता त्या इवल्याशा चिपमध्ये. ती बंद पडली की रिसीव्हर बंद, आणि हेली दगड. स्विचिंग बीईसी घ्या, तीन अँपिअरची सलग देणारी. व्होल्टेज ठरवण्याआधी टेल सर्व्होवरचं लेबल वाचा, काही जुने टेल सर्व्हो फक्त ४.८ व्होल्टचे असतात.

हे सगळं सेट करताना मोटरच्या तीनपैकी दोन वायरी काढून ठेवा. टेबलावर चुकून मोटर सुरू झालेली एकदा पाहिली आहे, त्या घरात पडदे नवीन आणावे लागले.

पहिलं उड्डाण चार मिनिटांचं, नुसतं होव्हर. उतरवल्यावर मोटरवर बोट ठेवा, पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक. मग चार्जर किती भरतो ते बघा. ८०० ते १००० एमएएचच्या दरम्यान असेल तर १२ चा पिनियन बरोबर बसला आहे. १३०० च्या वर गेलं तर पिनियन बदलायला धावू नका. आधी मेश जास्त घट्ट आहे का आणि टेलचा बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला आहे का, ते बघा. माझा तसाच होता.