आकडा मोठा म्हणून भुलू नकोस

भावा, विद्यापीठात एमआरआयच्या कॉन्ट्रास्टसाठी (प्रतिमा उजळ करणाऱ्या औषधासाठी) गॅडोलिनियम या धातूचं काम घेतलंस, मनापासून आनंद झाला. पण तुझ्या आराखड्यात नुसता स्थिरता स्थिरांक (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) बघून लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, निवडलेला दिसला, म्हणून लिहितोय.

डीटीपीए या लिगँडचा लॉग के (त्या स्थिरांकाचा लॉगॅरिदम) सुमारे 22, डोटा या दुसऱ्याचा 25 च्या आसपास. दोन्ही भक्कम वाटतात. खरा फरक धातू सुटण्याच्या वेगात आहे. आम्लात डीटीपीएची उघडी साखळी एकेक हात सोडत जाते. डोटाच्या कड्यातून धातूला बाहेर पडायला फार वेळ लागतो. शरीरात जस्त आणि फॉस्फेट ही पकड सोडवायला टपलेलेच असतात. सुटलेला गॅडोलिनियम आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळचा, म्हणून घातक. 2006 मध्ये मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांच्या त्वचा घट्ट होण्याच्या आजाराशी याचा संबंध जोडला गेला. माझ्या मते डोटासारख्या कड्याच्या लिगँडशिवाय सुरुवातच करू नये.

गॅडोलिनियमच्या बंधाच्या नऊपैकी आठ जागा लिगँडने धराव्यात, एक पाण्यासाठी ठेव. दुसरी मोकळी केलीस तर प्रतिमा उजळते, पण बहुतेकदा पकड सैल होते.

डोटा सावकाश बांधतो. सामू (पीएच) 5 ते 6 ठेव, गरम कर, घाई नको. आणि आपल्या कोल्हापूरच्या जुलैच्या पावसात गॅडोलिनियम क्लोराइड ओलावा ओढतं. वजनावर विसंबू नकोस, ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाने टायट्रेशन करून (थेंबाथेंबाने मोजून) द्रावणाची खरी तीव्रता काढ. मी एकदा हे टाळलं नि महिनाभराच्या नमुन्यात मोकळा धातू निघाला. शेवटी त्याच सामूला झायलेनॉल ऑरेंज, म्हणजे मोकळा धातू दाखवणारा रंग, टाकून बघ: पिवळा राहिला तर ठीक, जांभळट झाला तर परत शुद्ध कर.